आपल्या गावचा वायरमन



आपल्या गावात वीज कोणत्या साली आली, हे घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारून पाहा. कोणी साल सांगेल, कोणी 'बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी' म्हणेल, कोणी 'थोरलीच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात' म्हणेल. कळ कोणत्या पुढाऱ्याने दाबली, पेढे कोणी वाटले, पहिला दिवा देवळात लागला की चावडीत, हेही सांगतील. पण खड्डे कोणी खणले, खांब कोणी उभे केले, तारा कोणी ओढल्या आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे त्या कोणी सांभाळल्या, हे विचाराल तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळेल, "होता एक बोर्डाचा वायरमन."

त्या 'एका वायरमन'विषयी आज लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, हा शेतीखात्याचा माणूस, बियाणे आणि किडीवर लिहायचे सोडून खांबावर कुठे चढला? सांगतो. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरण्यात माझी नोकरी गेली. शेतकरी बांधावर भेटला की पहिली गोष्ट पिकाची निघत नाही, विजेची निघते. हरभऱ्याला पाणी कधी द्यायचे ते मी सांगणार, पण रात्री दीडला तीन फेज आली नाही तर माझ्या सांगण्याला किंमत काय? त्यामुळे वीज मंडळाची माणसे रोजच्या ओळखीची झाली. त्यातली बरीचशी आता निवृत्त झाली आहेत, काही तर गेली. राहिली आहेत त्यांच्यापैकी दहा-बारा जणांच्या घरी गेल्या काही महिन्यांत मी मुद्दाम जाऊन बसलो. त्यांची नावे इथे देत नाही. एक तर त्यांनीच नको म्हटले. दुसरे असे की तुमच्या गावातही असा माणूस आहे, त्याचे नाव तुम्हीच इथे घालून वाचा.

आधी थोडे मागचे सांगतो. आपल्याकडे पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज झाली ती टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहात, १९१५ साली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, हे तुम्ही वाचले असेल. जमीन मावळच्या शेतकऱ्याची गेली आणि दिवा मुंबईत लागला. खेड्याकडे वीज वळली ती स्वातंत्र्यानंतर. महाराष्ट्र राज्य झाले आणि २० जून १९६० रोजी राज्य विद्युत मंडळ सुरू झाले. १९६२ साली कोयनेची वीज पोफळीच्या डोंगराच्या पोटातल्या वीजगृहातून बाहेर पडली. १९६९ साली केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले आणि खेड्यांतल्या लाइनसाठी पैसा येऊ लागला. मग १९७२ चा दुष्काळ. विहिरी खणल्या गेल्या, आणि जिथे विहीर तिथे मोटारीची मागणी. मोटेवर बैल आणि माणसे दिवसभर राबून जेवढे रान भिजे, तेवढे तीन हॉर्सपॉवरची मोटार काही तासांत भिजवते, हे एकदा पाहिल्यावर कोण थांबणार?

मागणी अर्ज भरून होते. लाइन मात्र हातानेच ओढावी लागते.

खड्डा आणि खांब

ज्यांना भेटलो त्यांच्यातले निम्मे जण मंडळात कायम नोकर म्हणून लागलेच नव्हते. रोजंदारीवर लागले होते. त्या काळी 'एनएमआर' म्हणत, म्हणजे हजेरीपटावरचा मजूर. गावात लाइनचे काम आले की गावातलाच एखादा धडधाकट पोरगा पहार घेऊन खड्डे खणायला जाई, चार वर्षे हजेरीवर राही, मग हेल्पर होई, मग सहायक लाइनमन, मग लाइनमन. म्हणजे हा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच शेतकऱ्याचा पोर. कित्येकांची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन होती, ती बायको आणि भाऊ बघत.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका लाइनमनकाकांनी मला खांबाचे गणित सांगितले. "साहेब, खांबाच्या लांबीला सहाने भागायचे. तेवढा तो जमिनीत." नऊ मीटरचा खांब, तर दीड मीटर जमिनीत. मुरूम लागला तर उत्तम. खडक लागला तर पहारीने दिवस-दिवस ठोकायचे, नाहीतर सुरुंग. आणि काळी लागली तर खड्डा पटकन होतो पण पुढे कटकट फार, कारण पावसाळ्यात खांब कलतो. मी कृषी महाविद्यालयात शिकलो की काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यातल्या चिकणमातीचा तो गुण आहे. काकांनी पुस्तक पाहिले नव्हते. पण काळ्या रानात खांबाच्या बुडाशी दगड-मुरूम ठासून भरायचा आणि ताणाची तार पहिल्या पावसाआधी पुन्हा आवळायची, हे त्यांना पाठ होते. त्यांनी बसवलेला एक कोपऱ्यावरचा खांब मी मुद्दाम जाऊन पाहिला. ओळंब्यात आहे.

खांब वाहून न्यायला तेव्हा क्रेन नव्हती. रस्ता संपला की बैलगाडी, बैलगाडीची वाट संपली की माणसांचे खांदे. कैचीला दोर बांधून, 'हो-हो' करत, दहा-पंधरा माणसांनी तो उभा करायचा. या कामात गावही असे. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी त्या दोराला हात लावलेला असेल. ते विचारा, आवडीने सांगतील.

तारांची एक गंमत सांगतो, मुलांना आवडेल. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या तारांच्या मध्ये ताण सोसायला पोलादी तार असते. जाडीप्रमाणे त्यांना प्राण्यांची नावे आहेत, ती इंग्रजांच्या काळापासून चालत आली. स्क्विरल म्हणजे खार, वीझल, रॅबिट म्हणजे ससा, डॉग म्हणजे कुत्रा. त्याहून जाड पँथर, झेब्रा आणि मूस. शाळा सातवीत सोडलेले काका ही नावे घडाघडा म्हणतात. "गावात खार, शिवारात ससा, अन् सबस्टेशनला कुत्रा," अशी त्यांची खूण.

रात्रीचा फॉल्ट

वायरमन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सायकलला शिडी बांधून जाणारा माणूस. खांद्यावर दोर, पिशवीत पक्कड, फ्यूजची तार आणि भाकरी. पुढे मोटारसायकल आली, पण पावसाळ्यात काळ्या रानात तीही बांधावर सोडून चिखल तुडवतच जावे लागे. दहा-बारा गावे एकाकडे. पहिला वळीव पडला की एकाच वेळी पाच ठिकाणचे निरोप.

अकरा हजार व्होल्टची लाइन पंधरा-वीस किलोमीटर शिवारातून गेलेली असते. तिच्यावर कुठे फांदी पडली, कुठे चिनी मातीचे इन्सुलेटर फुटले, कुठे वटवाघूळ चिकटले, हे अंधारात कसे शोधायचे? मी हा प्रश्न काकांना विचारला तेव्हा ते हसले. म्हणाले, "म्हैस हरवली तर साहेब तुम्ही काय करता? आधी ठरवायचे, ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे." म्हणजे असे: लाइनच्या मध्यावर जो एबी स्विच असतो तो उघडायचा आणि सबस्टेशनला सांगायचे, द्या चालू करून. अलीकडची अर्धी लाइन टिकली तर फॉल्ट पलीकडे. मग पलीकडच्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. असे करत करत दोन-चार खांबांवर यायचे आणि मग बॅटरीच्या उजेडात एकेक खांब बघत चालायचे. मोबाइल नव्हते तेव्हा सबस्टेशनला 'द्या चालू करून' हे सांगायलाही एक माणूस सायकलवर पिटाळावा लागे. असा एक फॉल्ट काढता काढता पहाट होई, आणि सकाळी आपण म्हणत असू, "रात्रभर लाइट नव्हती, वायरमन झोपला असेल."

सबस्टेशनमधला ऑपरेटर हा आणखी वेगळा माणूस. त्याला गावाने पाहिलेलेही नसते. गावाबाहेर माळावर कुंपणात एक खोली, बाहेर गुणगुणणारी मोठी रोहित्रे, आणि दर तासाला वहीत आकडे. किती व्होल्ट, किती अँपियर. एका निवृत्त ऑपरेटरांनी सांगितले की बत्तीस वर्षांत त्यांनी दिवाळीचे अभ्यंगस्नान घरी फार थोड्या वेळा केले, कारण दिवाळीत दिवे जायला नकोत म्हणून त्या दिवशी पाळी पक्की. रोहित्राच्या आवाजावरून त्यांना भार कळे. "गाय आजारी पडली की तिच्या हंबरण्यात फरक पडतो ना, तसे," असे ते म्हणाले.

आणि वीजकेंद्रातली माणसे. परळी, भुसावळ, एकलहरे, कोराडी, खापरखेडा या ठिकाणी कोळशाच्या धुळीत आणि बाष्पकाच्या उष्ण्यात ज्यांनी तीन पाळ्या केल्या, त्यांच्यातलेही बरेच निवृत्त होऊन गावी आले आहेत. परळीचे केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, आठवत असेल. तिथे नोकरी केलेले एक गृहस्थ म्हणाले, "लोक म्हणतात पाऊस नाही तर शेतकरी बसला. आमचा कारखानाही बसला की." पोफळीला नोकरी केलेले दुसरे एक आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते वसाहतीत होते. भिंतीला तडे गेले, बायकोला आणि तान्ह्या मुलीला घोंगडीत गुंडाळून अंगणात बसवले आणि उजाडल्यावर ते कामावर हजर झाले. याच्यापलीकडे ते काही सांगायला तयार नाहीत. "हजर व्हायचेच होते" एवढेच म्हणतात.

घरची माणसे

हे साप्ताहिक घरात सगळे वाचतात, म्हणून वायरमनच्या घरधनिणीचे दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंडळाच्या हजेरीपटावर तिचे नाव कधी नव्हते, पण अर्धी नोकरी तिने केली. रात्री बारा वाजता कडी वाजणार. "वहिनी, वायरमनभाऊ आहेत का? डीपी उडाला, ऊस वाळतोय." भाऊ दुसऱ्या गावी गेलेले. मग निरोप कोणी ठेवायचा? एका वहिनींनी दाराशी मुलांची जुनी पाटी टांगली होती. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण पाटीवर खडूने लिहीत: कोणाची तक्रार, कोणता डीपी, मोटारी सगळ्याच बंद की एकाचीच. पुढे पुढे त्या येणाऱ्यालाच विचारू लागल्या, "तुमच्या घरात दिवा आहे का? दिवा आहे अन् मोटार गुरगुरते, म्हणजे एक फेज गेली. मोटार आधी बंद करा, नाहीतर जळेल." ऐकून माणूस पळत सुटे. अशा किती मोटारी त्या माउलीने वाचवल्या असतील याचा हिशेब कोणत्या दप्तरात नाही.

भारनियमनाच्या वर्षांत याच घरांनी सर्वांत जास्त सोसले. दोन हजारनंतरची ती दहा-बारा वर्षे तुम्हाला सांगायला नकोत. शेतीला वीज रात्रीची, तीही ठरल्या वेळी येईल याचा भरवसा नाही. वेळापत्रक वरच्या कचेरीतून येई आणि शिव्या गावातल्या वायरमनला बसत. काहींना मारहाण झाली. मुलांना शाळेत ऐकून घ्यावे लागले. त्यांचा स्वतःचा ऊसही त्याच फीडरवर वाळत होता, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

सगळेच वायरमन साधुसंत होते असे मी म्हणत नाही. हात ओले केल्याशिवाय शिडी न लावणारे होते, पुढाऱ्याच्या विहिरीवरचा डीपी आधी आणि गरिबाचा नंतर करणारेही होते. तशी माणसे आमच्या खात्यातही असतात, तलाठ्याच्या कचेरीत असतात, बँकेत असतात. पण चार जणांच्या हिशेबात चाळीस जणांना मोजू नये. ज्याने पैसे मागितले त्याची गोष्ट गाव वीस वर्षे सांगते, आणि जो पुराच्या पाण्यातून पोहत जाऊन लाइन बंद करून आला त्याची गोष्ट त्याच्या नातवालाही ठाऊक नसते.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. शेतकरी म्हणून आपल्याशी तिचा थेट संबंध आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

डीपीवरचे रोहित्र काय करते? अकरा हजार व्होल्ट खाली उतरवून आपल्याला चारशे-सव्वाचारशे व्होल्ट देते. पण ते एकाच दिशेने चालते असे नाही. उलट बाजूने चारशे व्होल्ट त्यात शिरले, तर तेच रोहित्र त्याचे अकरा हजार करून वरच्या तारांत सोडते. लाइन बंद आहे, सबस्टेशनमधून परवाना घेतला आहे, माणूस खांबावर चढला आहे, आणि इकडे कोणीतरी ट्रॅक्टरवरचा किंवा डिझेलचा जनरेटर मीटरची तार न तोडता तसाच जोडून सुरू करतो. वीज उलटी जाते. खांबावरच्या माणसाला काही कळायच्या आत सगळे संपते. म्हणून जुने लाइनमन कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडून, म्हणजे अर्थ करूनच हात लावत. पण घाई असते, वरून साहेबांचे आणि खालून शेतकऱ्यांचे ओरडणे असते, कधी साहित्यच नसते.

आमच्या तालुक्यातील एक लाइनमन असाच गेला, बऱ्याच वर्षांपूर्वी, सुगीच्या दिवसांत. त्याच्या पत्नीला भेटलो. नोकरीवर मुलगा अनुकंपेने लागला, त्याचेही आता केस पांढरे झाले आहेत. जनरेटर कोणाचा होता हे गावाला माहीत आहे. बाईंनाही माहीत आहे. त्या म्हणाल्या, "त्या माणसाने मुद्दाम केले नव्हते. त्याच्या घरी लग्न होते, पाहुणे अंधारात बसले होते." नाव त्यांनी आजवर तोंडातून काढलेले नाही, मलाही सांगितले नाही. त्याच गावात, त्याच गल्लीतून त्या पाणी आणत राहिल्या.

तुमच्या घरी, दुकानात, गिरणीत किंवा मळ्यात जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. एका बाजूला बोर्डाची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे दांडा. दोन्ही एकाच वेळी जोडले जाऊच शकत नाहीत. हा लेख वाचून एवढे एक काम कोणी केले तरी मला पुष्कळ झाले. तारेवर आकडा टाकणाऱ्यालाही हेच सांगतो. तो वीज चोरतो हा एक भाग झाला, पण लाइन कुठे जिवंत आणि कुठे मेलेली याचा वायरमनचा हिशेब तो बिघडवतो.

निवृत्तीचा हिशेब

'बोर्डाची नोकरी, म्हणजे म्हातारपणी पेन्शन बसून खायची,' असा समज आपल्या गावांत पक्का आहे. तो बरोबर नाही. सरकारी शिक्षकाला किंवा मला जशी पेन्शन आहे तशी या लोकांना नाही. निवृत्त होताना भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात येते. ती मुलीच्या लग्नात, घराच्या स्लॅबमध्ये, जुन्या कर्जात कशी जाते हे तुम्हाला सांगायला नको. नंतर दरमहा येते ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेची रक्कम. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. एसटीचे आणि साखर कारखान्याचे कामगारही याच योजनेत आहेत.

तिचा हिशेब साधा आहे. पगार, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच धरायचा. त्याला योजनेतल्या नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. ही मर्यादा २००१ पासून २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती. समजा एखादा लाइनमन २०१० साली निवृत्त झाला. त्याचा खरा पगार कितीही असो, धरायचे ६,५०० आणि वर्षे १५. गुणाकार भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे १,३९३ रुपये. १९९५ च्या आधीच्या सेवेपोटी त्यात काही भर पडते, पण ती मोठी नसते. या रकमेला महागाई भत्ता नाही. तो निवृत्त झाला तेव्हाचा आकडा आणि आजचा आकडा सारखाच. २०१४ साली किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आली. पतीच्या मागे पत्नीला साधारण निम्मी रक्कम मिळते, पण हीच किमान मर्यादा तिलाही लागू आहे. नऊ मीटरच्या खांबावर तीस वर्षे चढलेल्या माणसाचा हा महिना आहे. त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचे मलम, आणि डोळ्यांचे काही असले तर तेही.

या रकमेसाठीही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि इथे एक वेगळीच अडचण मी पाहिली. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर यंत्र म्हणते ठसा जुळत नाही. जन्मभर पक्कड आणि तार धरून बोटे गुळगुळीत झालेली. एक काका मला दहाही बोटे दाखवत म्हणाले, "साहेब, मी आहे, पण यंत्राच्या मते मी नाही." आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही 'जीवन प्रमाण' दाखला काढता येतो, आणि तो काढल्यापासून वर्षभर चालतो. तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे दहा मिनिटांचे काम आहे. शेजारच्या निवृत्त वायरमनकडे त्यांना एकदा पाठवा. जाताना आधार क्रमांक, पेन्शनचा क्रमांक आणि बँकेचे पासबुक तयार ठेवायला सांगा.

आणि मुले गेलीच आहेत तर त्यांना एक वहीही द्या. गावात पहिला खांब कुठे लागला, पहिली मोटार कोणाच्या विहिरीवर बसली, ओढ्याजवळचा डीपी तिथेच का ठेवला, पुरात पाणी कोणत्या खांबापर्यंत येते, कोणत्या झाडामुळे दर वळवाला लाइन जाते, हे लिहून आणू दे. ही माहिती कंपनीच्या संगणकात नाही. आता काम करणारी पोरे बरीचशी कंत्राटी आहेत, दोन वर्षांत त्यांची बदली होते नाहीतर कंत्राट संपते. ६ जून २००५ रोजी मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हापासून माणसे कमी आणि ग्राहक जास्त, अशी निवृत्तांची तक्रार आहे. त्यांना स्वतःपेक्षा या पोरांची काळजी वाटते. एक जण म्हणाले, "आम्हाला वस्ताद होता. तो खाली उभा राहून एकेक पाऊल सांगे. या पोरांना कोण सांगणार?" ४ मार्च हा दिवस हल्ली लाइनमन दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी गावच्या शाळेत एखाद्या जुन्या लाइनमनला बोलवा आणि त्याच्या शेजारी आजच्या पोरालाही बसवा.

उशीर करू नका. आता सौर पंप येत आहेत. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीचे काम वाढले आहे, आणि ज्याच्या बांधावर स्वतःचे पॅनेल बसले त्याच्या शेतातली तार उद्या निघूनही जाईल. दिवसा पाणी मिळते हे फार चांगले झाले, सापाच्या भीतीने रात्री दारे धरायला जाणे संपले. पण ज्या तारेखाली आपल्या दोन पिढ्या बागाईतदार झाल्या, ती तार ओढणारे हात आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

ज्या ऑपरेटरांविषयी वर लिहिले, त्यांच्या पत्नी मला चहा देताना सांगत होत्या. निवृत्तीला बरीच वर्षे झाली, कानाला कमी येते, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटले आहे. पण रात्री पंखा थांबला की हे उठणार. काठी घेऊन गच्चीवर जाणार, चारी दिशांना बघणार, कोणत्या गावाचे दिवे आहेत आणि कोणत्या गावाचे नाहीत. मग हळूहळू खाली येऊन सांगणार, "ओढ्यापलीकडे आहे फॉल्ट. तासाभरात येईल. झोप तू."